कागदावरचं वय

कोम रमादमध्ये प्रत्येक पुरुषाला दोन वयं असतात. एक आईला ठाऊक असलेलं आणि दुसरं सरकारला सांगितलेलं. मुलगा झाला की सुईण दारात येऊन ओरडते, बायका आनंदाने जिभा उडवत गल्ली डोक्यावर घेतात, मेथीचं गोड पाणी वाटलं जातं. पण नोंद करायला बाप तालुक्याला जातो तो पोरगं अंगणात कोंबड्यांमागे धावायला लागल्यावर. यामागचं कारण कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. सरकार लहान मुलाला फासावर देत नाही, एवढा कायदा इथल्या अंगठेबहाद्दर म्हातारीलाही तोंडपाठ आहे. आणि खुनाचा बदला घ्यायचं काम पोरांनाच दिलं जातं. मोठा माणूस मारायला गेला तर त्याचा गळा जातो. मिसरूड न फुटलेला गेला तर सात-आठ वर्षं आत काढतो आणि बाहेर येतो तेव्हा लग्नाच्या वयाचा असतो.

मारायचं कुणाला, त्याचंही वय ठरलेलं आहे. ज्याने खून केला त्यालाच मारावं, असा विचार शहरातले लोक करतात. कोम रमादमध्ये समोरच्या घरातलं सगळ्यात भरलेलं कणीस खुडतात. पोर मारलं तर थू करतात, म्हातारा मारला तर हसतात. म्हणूनच इथल्या आया आपल्या गुणी मुलाला चारचौघांत गाढव म्हणतात, आणि ज्या घरात तरणाताठा मुलगा असेल त्या घरात त्याचं कौतुक दार लावून करतात.

रसलान शवाहीन हे सगळं शिकला तो स्वतःच्या अंगावर. तो अठरा वर्षांचा होता, कागदावर सोळाचा, तेव्हा चुलत्यांनी त्याच्या हातात बंदूक दिली होती. त्याआधी महिनाभर त्याला शेतावर जाऊ दिलं नव्हतं. आई रोज गव्हाचे दाणे भरलेली भाजकी कबुतरं वाढायची आणि तो खात असताना तोंड फिरवून बसायची. मग एका सकाळी त्याने, शवाहीनांचा माणूस मारलेल्या अवादी घराण्यातल्या हमदानला कालव्याच्या पुलावर गाठलं. हमदान पंचवीस वर्षांचा होता, त्याच्या हातांवर लग्नाची मेंदी होती. रसलानने गोळ्या घातल्या आणि तिथेच पुलावर मांडी घालून शिपायांची वाट बघत बसला. त्या वेळी त्याला भूक लागली होती, हे त्याला साठ वर्षांनंतरही आठवायचं.

तो सुटून आला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली, आणि मरण काही आलं नाही. अवादींच्या घरात तेव्हा मुलीच मुली आणि पाळण्यात एक पोर. ते पोर मोठं होऊन सुएझच्या लढाईत मेलं. त्याचा मुलगा इराकला मजुरीला गेला आणि पेटीतून परत आला. रसलान मात्र दाराला अडसर लावून झोपत राहिला. साठी उलटल्यावर कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की अवादींची माणसं वाटेत भेटली की नजर चुकवत नाहीत. सरळ बघतात आणि पुढे जातात, जसं लोक वठलेल्या ताडाकडे बघतात. त्याच्या रक्ताला आता गिऱ्हाईक नव्हतं. सुटलो, असं वाटायच्या जागी त्याला भयंकर अपमान वाटला.

मग त्याने हिशेब मांडला. आपण नाही तर कोण? मुलगे दोन होते, दोघेही यकृत सुजून गेले. नातू दोन, दोघा मुलग्यांचा एकेक. थोरला वहदान, तिशी ओलांडलेला, अंगाने रेडा, मनाने भोळा, आवाज असा की कालव्यापलीकडची कुत्री जागी व्हावीत. धाकटा बिशीर, बावीस वर्षांचा, मितभाषी, बापावर गेलेले लांब हात. म्हाताऱ्याचा सगळा जीव या बिशीरमध्ये. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पोरगा जवळ येऊन बसला की त्याला कोम रमादच्या बाहेरही जग आहे असं वाटायचं, एवढंच.

तर त्याने काय केलं? वहदानला पांढराशुभ्र झगा शिवला, घोडी घेऊन दिली, पंचायतीत स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. येईल त्याला सांगायचा, "हा आमच्या घराचा खांब." बिशीरला असयूतला गुरांच्या डॉक्टरकीला घातलं आणि गावात पसरवलं, की धाकटं कार्टं मठ्ठ निघालं, तिकडे एका गिरणीत पोती वाहतंय. सुट्टीत बिशीर यायचा तो फाटका झगा घालून, आणि गाढवावर बरसीम घासाचे भारे लादून बाजारात विकायला बसायचा. सणासाठी मेंढा पोसावा तसा म्हाताऱ्याने एक नातू पोसला, दुसऱ्याच्या जागी कापला जावा म्हणून. वहदानला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आजोबांच्या हाताचं दिवसातून दोनदा चुंबन घ्यायचा.

आणि या वर्षी, ऊस कापणीला आला असताना, बातमी आली, की अवादींचा उबैद शेतावर दिसत नाही. बातमी आणली वहदाननेच.

"आजारी असेल," वहदान म्हणाला.

"काय खातो?" रसलानने विचारलं.

"आता मला काय ठाऊक, आबा? त्यांच्या शेजारीण बाई म्हणत होत्या, त्यांच्या गलीला म्हातारीने यंदा कबुतरं विकायला काढलीच नाहीत."

म्हाताऱ्याने चहाचा पेला तसाच खाली ठेवला. उबैद म्हणजे पाळण्यातल्या त्या पोराचा नातू. त्याचा जन्म रसलानला पक्का आठवत होता. साखर कारखान्याची उसाची गाडी रुळावरून घसरली त्या आठवड्यातला. त्याला अठरा पुरी झाली होती. कागदावर सोळा.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर रसलानने हजहून आणलेलं, झमझम विहिरीच्या पवित्र पाण्यात बुडवून वाळवलेलं स्वतःचं कफन पेटीतून काढलं. फेटा काढला, वहाणा काढल्या. घडी केलेलं कफन दोन्ही हातांवर आडवं धरून तो भर रस्त्याने अवादींच्या आळीकडे निघाला. खून करणारा कफन घेऊन दारात आला आणि समोरच्यांनी ते घेतलं, की त्याच्याऐवजी मेंढा कापतात आणि वैर संपतं. गावात असं क्वचित घडतं. बायका छपरांवर चढल्या. मध्यस्थीला शेख दरदीर बरोबर होते. वहदान मागून धावत आला.

"आबा, माघारी फिरा! लोक काय म्हणतील? शवाहीन घाबरले म्हणतील! माझ्यात काय दम नाही का?"

"तू गप्प माझ्या मागून चल," म्हातारा म्हणाला. वहदान मागे हवाच होता त्याला.

गलीला अंगणात मसूर निवडत बसली होती. हमदानची ती बहीण, भाऊ मेला तेव्हा चौदा वर्षांची. तिने लग्न केलं नव्हतं. त्या दिवसापासून या घराने दुखवट्याला आलेल्या कुणाला आत घेतलं नव्हतं, कुराण वाचायला कुणाला बोलावलं नव्हतं. बदला होईपर्यंत मेलेला माणूस मेला असं धरत नाहीत. तिने मान वर केली नाही.

"हाज्जा गलीला," शेख म्हणाले, "रसलान आपलं मरण घेऊन तुमच्या दारात आलाय. अल्लाला क्षमा आवडते."

"अल्लाला भाऊ नाही," गलीला म्हणाली. "बस, रसलान. गुडघे दुखत असतील."

रसलान गुडघ्यांवर बसला आणि कफन तिच्यापुढे ठेवलं. "मारायचं तर मला मार. हमदानला मी मारलं. माझ्या घरातल्या कुणी नाही."

गलीलाने मसुरातला खडा काढून बाजूला टाकला. "तुझं वय काय रे आता?"

"शहात्तर."

"खोकला आहे?"

"आहे."

"रात्री किती वेळा उठतोस लघवीला?" अंगणातल्या बायका फिसकन हसल्या. "शेखसाहेब, तुम्ही बाजारात जाता ना? मी तुम्हाला पंचवीस वर्षांचा घोडेस्वार दिला, आणि बदल्यात हे दात पडलेलं गाढव आणून बांधता? याला मारायचं म्हणजे जीव न्यायला येणाऱ्या इज्राईलच्या पिशवीत पडलेलं ढापायचं. तो यमदूत पण म्हणेल, बाई, चोरटी कुठली!"

"मी स्वतःहून आलोय, गलीला."

"तेच तर. साठ वर्षं कुठे होतास? तिशीत यायचं होतंस. चाळिशीत आला असतास तरी मी कापला असता तुला. आनंदाने कापला असता." ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून बोलली. "मी वाट बघत होते."

रसलानला हे अपेक्षितच होतं. खरं तर यासाठी तो आलाच नव्हता. त्याने आता त्याचा खरा डाव टाकला. तो पुढे वाकला, कपाळ जमिनीला लावलं आणि हमसून हमसून रडायला लागला.

"मग माझा वहदान तरी सोड! एवढं एकच मागतो. तो आमच्या घराचा खांब आहे, तो गेला तर चूल विझेल. बाकी काही कर, पण माझ्या वहदानला हात लावू नकोस!"

लबाड म्हातारा! जे सगळ्यात लाडकं म्हणून सांगशील तेच शत्रू उचलेल, हे त्याने साठ वर्षांपूर्वीच शिकून ठेवलं होतं. हमदानच्या आईने पाणवठ्यावर मुलाचं कौतुक केलं नसतं, तर रसलानच्या चुलत्यांनी कदाचित दुसराच कुणी निवडला असता. आता गलीलाच्या कानात वहदानचं नाव पक्कं बसेल. बिशीर पोती वाहत जगेल. म्हाताऱ्याचे अश्रू मात्र खरे होते. ज्या नातवाला तो विकत होता तो मागे उभा राहून ढसाढसा रडत होता, आणि ते ऐकून त्याला स्वतःचीच किळस आली होती.

गलीलाने मसुरातला आणखी एक खडा काढून टाकला. मग सूप बाजूला ठेवून उठली.

"शेखसाहेब, ऐका, आणि सगळ्या बायांनो, तुम्हीही ऐका. हा माणूस अनवाणी, उघड्या डोक्याने माझ्या दारात आला. रिकाम्या हाती पाठवला तर अवादींना शोभायचं नाही. दिला. वहदान दिला याला. आमच्या घराण्यातली एकही गोळी वहदानला लागणार नाही. हमदानच्या थडग्याची शपथ."

छपरांवरच्या बायका ओरडल्या, शेखांनी 'अल्लाहु अकबर' म्हणून आकाशाकडे हात केले. वहदान धावत येऊन आजोबाच्या पायांना मिठी मारून बसला. "आबा! माझ्यासाठी तुम्ही जमिनीला डोकं लावलंत! आबा!"

रसलान तसाच वाकलेला राहिला. ओरडून सांगावंसं वाटलं, नको, वहदानला सोडू नका, यालाच घ्या, यालाच मारा! पण सांगणार कुणाला आणि कसं? वहदानचे अश्रू त्याच्या तळपायांवर पडत होते.

लोक पांगायला लागले तेव्हा गलीला कफनाची घडी उचलून त्याच्याजवळ आली आणि ती त्याच्या हातांत परत कोंबली.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस, रसलान?" ती हळूच म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात माझी म्हैस उसात अडली होती. रेडकू आडवं आलं होतं. उबैद गावात नव्हता, आम्ही बाया ओरडत होतो. तुझा तो पोती वाहणारा रस्त्याने चालला होता. गाढव सोडून आला, बाह्या वर केल्या, आणि अर्ध्या घटकेत रेडकू सरळ करून काढलं. माझ्या हातचं पाणी प्याला आणि म्हणाला, आजी, दोन दिवस हिला थंड पाणी देऊ नका. हमालाचे हात तसे नसतात. फार चांगला पोरगा आहे तुझा. अगदी आमच्या हमदानसारखा." तिने कफनावरून हात फिरवला. "हे घेऊन जा. तू बुटका आहेस. त्याला लांडं पडेल का बघ."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत रसलानने सुट्टीवर आलेल्या बिशीरला उठवलं.

"असयूतला जा. मी बोलावल्याशिवाय यायचं नाही. मी मेलो तरी यायचं नाही."

बिशीर डोळे चोळत हसला. "आबा, काल तर तुम्ही वैर मिटवून आलात म्हणे. वहदानदादा रात्रभर नाचत होता."

"मिटलं नाही. तू गलीलाच्या म्हशीला हात का लावलास?"

"मरत होती, आबा."

"मरू द्यायची होती!" म्हातारा किंचाळला. त्याने नातवाच्या थोबाडीत मारली आणि लगेच त्याचं डोकं छातीशी धरलं. बिशीरला काही कळलं नाही. त्याने बोचकं उचललं, आईने फडक्यात बांधून दिलेली उन्हात फुगवलेली भाकर आणि जुनं चीज घेतलं, आणि तो नावेच्या धक्क्याकडे निघाला. वहदानला बंदूक घेऊन बरोबर पाठवलं होतं. जाताना वहदान आजोबाला म्हणाला, "काळजी नको, आबा. अवादी आता आपले झाले."

उबैद धक्क्याच्या वरच्या अंगाला, उसाच्या कडेला बसला होता. त्याने वहदानला पुढे जाऊ दिलं. वहदान नाव बांधायच्या खुंटापाशी नावाड्याशी थट्टा करत उभा असताना उबैद उठला आणि बिशीरला पाठीमागून दोन गोळ्या घातल्या, आणि तो पालथा पडल्यावर तिसरी. मग बंदूक मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. वहदानने बंदूक रोखली तेव्हा तो नुसतं म्हणाला, "शपथ आहे, तुला काही करणार नाही." वहदानच्या हातून चाप ओढला गेला नाही. अवादींनी आपल्याला जीवदान दिलंय असं तो अजून समजत होता, आणि उपकाराचं ओझं एका रात्रीत उतरत नाही.

रसलान पोचला तेव्हा गाव जमलं होतं. बिशीरची आई सिद्दीका मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. म्हाताऱ्याला बघताच ती उठली आणि त्याच्या तोंडावर थुंकली.

"वहदानसाठी रडलास ना! जमिनीला नाक घासलंस ना थोरल्यासाठी! माझ्या पोराचं नाव तरी आलं का तुझ्या तोंडात? तो काय गाढवाच्या पोटचा होता?"

वहदान तिथेच उभा होता, रक्ताने भरलेला, लहान मुलासारखा हुंदके देत. रसलानने थुंकी पुसली नाही. खरं काय ते या जगात त्याच्याशिवाय फक्त गलीलाला ठाऊक होतं, आणि पुढेही तिलाच ठाऊक राहणार होतं.

तेवढ्यात अवादींच्या आळीतून भोंग्यावर कुराणाचा आवाज सुरू झाला. साठ वर्षांनी हमदानचा दुखवटा मांडला गेला होता. बाजारातून भाड्याच्या खुर्च्या घेऊन एक गाडी गर्दीतून वाट काढत तिकडे गेली, आणि गर्दीने वाट दिली.

ठाण्याचा अधिकारी आला. उत्तरेकडचा, नवा, इस्त्रीचा माणूस. त्याने उबैदचं ओळखपत्र पाहिलं, मग उबैदच्या हनुवटीकडे पाहिलं.

"सोळा? याला माझ्यापेक्षा दाट दाढी आहे."

"सोळाच, साहेब," गर्दी एका सुरात म्हणाली. अवादीही म्हणाले आणि शवाहीनही म्हणाले.

अधिकाऱ्याने सुस्कारा टाकला आणि रसलानला बाजूला घेतलं. "आजोबा, तुम्ही मृताच्या घरातले वडीलधारे. तुम्हाला ठाऊक असणार. तुम्ही हरकत घेतलीत तर मी याची हाडं डॉक्टरकडून तपासून घेतो. अठरा निघाली तर हा फासावर जाईल. सोळा म्हणालात तर सात-आठ वर्षांत सुटून घरी येईल. सांगा, वय काय याचं?"

उबैद बसल्या जागेवरून ऐकत होता. इतका वेळ त्याचा चेहरा निवांत होता, काम उरकलेल्या माणसाचा. कदाचित त्यालाही भूक लागली असेल. रसलानने त्याच्याकडे नीट पाहिलं. रुंद खांदे, कबुतरं खाऊन तुकतुकीत झालेली कातडी. सरकारने फास दिला तर हे रक्त सरकारच्या हिशेबात जाईल. आणि आज उबैद कोण होता? एक पोर. आज त्याला मारून काय मिळणार?

"सोळा," रसलान म्हणाला. "उसाची गाडी घसरली त्यानंतर दोन वर्षांनी झाला. मला चांगलं आठवतं."

उबैदच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा गेला. तो कोम रमादचाच होता, त्याला हिशेब येत होता. शिपायांनी उठवून नेलं तेव्हा गाडीत चढताना त्याने दोनदा मागे वळून म्हाताऱ्याकडे पाहिलं.

बिशीरला संध्याकाळी मातीत नेलं, कुणालाही दुखवट्याला न बोलावता. कफन झमझमच्या पाण्याचंच वापरलं. ते लांडं पडलं; पावलं उघडी राहिली, तेव्हा सिद्दीकाने आपली काळी ओढणी फाडून ती गुंडाळली.

परतताना रसलान वहदानच्या खांद्यावर भार टाकून चालत होता. दारात वहदानचा मुलगा मिसबाह कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"याला किती वर्षं झाली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नऊ, आबा."

"आणि कागदावर?"

"सात."

रसलानने मनातल्या मनात बोटं मोजली. मग त्याने मिसबाहचा दंड चिमटीत धरून दाबून पाहिला, बाजारात कोकराचा बघतात तसा.

"फार वाळका आहे," तो वहदानला म्हणाला. "उद्यापासून कबुतरं विकू नकोस."